खाडाखोडीची वही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी “काका, रोज सकाळी स्टेटसला टाकता ते सुचतं कुठून?” असं कोणी म्हटलं की “गोदामाईची कृपा” म्हणून मी मोकळा होतो.

नाशिकच्या भांडी बाजारात मी भांड्यांवर नावं घालतो. वडील छिन्नी-हातोडीने टिंबं टिंबं ठोकून घालायचे, माझ्या हातात विजेचं पेन आलं, एवढीच प्रगती. दर अक्षराला दोन रुपये. कानामात्रा फुकट, जोडाक्षर एकच धरतो. मजकूर मात्र गिऱ्हाइकाने वहीत स्वतःच्या हाताने लिहायचा, म्हणजे पुढे ‘दिपक’ की ‘दीपक’ यावरून माझ्याशी भांडण नको.

सुचतं ते या वहीतून. त्यातही खोडलेलं मला जास्त कामाला येतं. माणूस आधी मनातलं सगळं लिहितो, मग बोटावर अक्षरं मोजतो आणि मग एकेक शब्द उडवायला लागतो. तिथे घरातलं सगळं राजकारण बाहेर येतं.

मध्यंतरी एका वास्तुशांतीचे ५१ तांबे आले होते. वहीत आजोबांपासून नातवापर्यंत चौदा नावं, श्री. आणि सौ. सकट. म्हटलं, मावतील, पण पाहुण्याला तांबा गरागरा फिरवत वाचावं लागेल. मग तेरा नावं खोडून ‘व परिवार’ आलं. त्यावर धाकटे भाऊ म्हणाले, दादाचंच नाव का? मग दादाही खोडले. मग नुसता ‘परिवार’ कोणाचा, म्हणून तोही खोडला. दीड तास चाललं, दोनदा चहा झाला. शेवटी पानावर उरलं ‘आम्ही सगळे’. पाच अक्षरं, दहा रुपये. ५१ तांब्यांवर तेच घातलं. आठवड्याने स्टेटस टाकलं : ‘तांबे ५१, भाऊ तीन, देणार : आम्ही सगळे.’ लोक हसून बेजार. यात माझं काय होतं? मोजणी.

असंच एकदा पुरातत्त्व शिकणारी एक मुलगी आईबरोबर समई घ्यायला आली. माझं काम बघत बसली आणि म्हणाली, “काका, तुमच्या धंद्यातलं जुनं काम पांडवलेण्यांत आहे, बघितलंत का?” साठीला आलो तरी लेख म्हणून कधी बघितला नव्हता. रविवारी पायऱ्या चढून गेलो. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याने कोरून घेतलेला लेख आहे, लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. मला ते वाचता कुठलं येतंय! अर्थ तिने मोबाइलवर पाठवला. लेणं भिक्षुसंघाला दिलं, एवढं लिहून थांबला असता तरी चाललं असतं. पण नाही. ३००० कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ठेव म्हणून ठेवली. त्यातली २००० दरमहा शेकडा एकने, १००० पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं खायचं. त्यातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यांसाठी प्रत्येकी बारा कार्षापणं.

मी पावतीच्या पाठीवर आकडेमोड केली. २००० चे महिन्याला वीस, वर्षाचे २४०. इकडे वीस गुणिले बारा, २४०. बरोब्बर! वर आणखी ८००० नारळाची झाडं. जावईबापूंना अक्षरामागे पैसे लावणारा कोणी भेटलेला दिसत नाही. त्या दिवशी टाकलं : ‘१९०० वर्षांची एफडी, गोवर्धन शाखा. वारसांनी भेटावं.’ गोवर्धन अजून गंगापूर रोडला आहे, त्यामुळे दोघांनी खरंच बँक कुठली विचारलं. (आणि लेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही, पण नाशिककर एकदा घातलेलं नाव खोडत नाही. मायको कंपनीची बॉश झाली, चौक मायको सर्कलच राहिला.)

सगळंच असं खपत नाही. एका गिऱ्हाइकाने ताटावर ‘वडिलांच्या पंचाहत्तरीच्या स्मरणार्थ’ लिहून दिलं. वहीत त्याचंच अक्षर, मी घातलं. चार दिवसांनी वडील स्वतः ताट घेऊन दुकानात. म्हणाले, “अहो, थोडे दिवस थांबला असतात तर मजकूर बरोबर ठरला असता.” मी त्याच संध्याकाळी ते स्टेटसला टाकलं. नाव नव्हतं, पण सोयऱ्याधायऱ्यांनी ओळखलं, आणि पोरगा दुकानासमोर उभा राहून वाट्टेल ते बोलला. त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. म्हातारा स्वतःवर हसला होता, मी त्याच्या पोरावर गाव हसवलं. तेव्हापासून आठवडा जाऊ देतो, आणि मधला तपशील बदलतो. वरच्या तांब्यांचा आकडासुद्धा खरा नाही, शोधत बसू नका.

काही गोष्टी मात्र आठवडा गेला तरी टाकवत नाहीत. एक आजी पितळी पातेलं घेऊन आल्या. त्यावर आधीच दुसऱ्या कोणाचं नाव. चाळीस वर्षांपूर्वी शेजारणीकडून त्यातून खीर आली होती, मग शेजारीण घर बदलून गेली आणि पातेलं राहून गेलं. “त्यांचं नाव राहू दे, खाली ‘परत देणे’ घाला. माझ्यामागे सुना मोडीत घालतील.” पाच अक्षरं. पैसे घेतले नाहीत.

गेल्या दिवाळीत त्या पुन्हा आल्या, नवं पातेलं घेऊन. जुन्याचं विचारलं तर म्हणाल्या, “सापडली ती, सिडकोत. भरून देऊन आले.”

मी वही पुढे केली. “यावर काय घालू?”

“काही नको. हे पण कुणाकडे तरी जाईलच.”