एफर्ट घ्यायचे की करायचे

मंगळवार, रात्रीचे पावणेअकरा. उद्याचे वाटाणे भिजत घातलेत, आता बसले.

आज अप्रेझलचा फॉर्म परत आला. रिजेक्ट वगैरे नाही, पण साहेबांनी एक वाक्य पिवळं करून ठेवलेलं. मी इंग्लिशमध्ये लिहिलं होतं की जुन्या फायली स्कॅन करायला मी वर्षभर खूप एफर्ट्स टेक केले, त्यावर कॉमेंट काय तर इंग्लिशमध्ये एफर्ट मेक करतात, टेक नाही करत, प्लीज करेक्ट. बस. फायलींबद्दल एक अक्षर नाही. धुळीने महिनाभर शिंकत होते मी.

फोर्टातून सीएसएमटीपर्यंत चालताना डोक्यात तेच. टेक का नाही? आपण कष्ट घेतो, मेहनत घेतो, परिश्रम घेतो. कष्ट करतो पण म्हणतो, मान्य, पण नीट ऐकलं तर दोन्हींत फरक आहे ना. आईने गिरणगावात कष्ट केले म्हणजे पोटासाठी केले, दुसरा उपायच नव्हता. आणि शेजारच्या पोरांच्या अभ्यासासाठी तिने कष्ट घेतले म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून अंगावर घेतले. हे ‘घेतले’ मेकमध्ये कुठे येतं? गंमत म्हणजे इंग्लिशमध्येही टेक पेन्स म्हणतातच की. म्हणजे इंग्रजाला वेदना घेतलेल्या चालतात, एफर्ट तेवढा घ्यायचा नाही!

मग बदलापूर ट्रेनमध्ये दाराजवळ उभी राहून डिक्शनरीचं अॅप उघडलं (बसायला मिळालं ते थेट मुंब्र्याला). ट्राय हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आलाय, तिथे त्याचा अर्थ होता निवडणं, चाळणं. तांदूळ निवडतात तसं. म्हणूनच कोर्टात केस ट्राय करतात, ट्रायल म्हणतात, खरं-खोटं निवडायचं असतं. आणि आपली मेहनत मूळची अरबी, फारसीतून आलेली, अरबीत तिचा अर्थ कसोटी, सत्त्वपरीक्षा. हे वाचून मला एकदम बरं वाटलं, का ते माहीत नाही. स्ट्राइव्ह आणि स्ट्राइफ एकाच घरातले, म्हणजे स्ट्राइव्ह करण्यात मुळातच भांडण आहे, समोर कोणीतरी अडवणारं पाहिजे. एंडेव्हर तर फ्रेंचमधल्या कर्तव्यावरून आलाय, त्यामुळे तो जरा इस्त्री केलेला वाटतो, आमच्या ऑफिसच्या पत्रांत सर्रास असतो, वुई शॅल एंडेव्हर, पुढे काही होत नाही. स्ट्रगलचं मूळ नक्की माहीत नाही असं डिक्शनरीच म्हणते. मुंबईत मात्र स्ट्रगल हा जवळपास हुद्दा आहे, अंधेरी-वर्सोव्याला कोणालाही विचारा काय करतोस, स्ट्रगल करतोय, विषय संपला.

अटेम्प्टचं मात्र भाचीने सांगितलं. ती लॉ करते, सध्या आमच्याकडेच राहते. जेवताना मी विचारलं ट्राय आणि अटेम्प्ट एकच ना गं, तर म्हणे मावशी, छे, कायद्यात अटेम्प्टला शिक्षा आहे. बातम्यांत तीनशेसात लागला म्हणतात तोच खुनाचा प्रयत्न, आता २०२४च्या जुलैपासून नव्या न्याय संहितेत त्याचं कलम १०९ झालंय. पण नुसत्या तयारीला, दरोड्यासारखे अपवाद सोडले तर, शिक्षा नाही. मग तयारी संपून अटेम्प्ट कुठे सुरू होतो? त्यावर तिने वसईजवळच्या खाडीची केस सांगितली, रात्री ट्रक आणि जीपमधून चांदी चोरून देशाबाहेर पाठवायला आणलेली, उतरवत होते तेवढ्यात कस्टमवाल्यांनी पकडलं, खाडीतून इंजिनाच्या होडीचा आवाज आला पण चांदी होडीत चढलीच नव्हती. आधी आरोपी सुटले की ही नुसती तयारी आहे, मग १९८० मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं नाही, हा अटेम्प्टच. मी घास हातात धरून ऐकत बसले. आमच्या सोसायटीतला एक मुलगा यूपीएससी देतो, त्याचंही तसंच, नुसता फॉर्म भरला तर अटेम्प्ट धरत नाहीत, प्रीलिमच्या एका पेपरला जरी बसला की मोजला.

मग मी म्हटलं प्रयत्न हा एकच शब्द आपण सगळीकडे वापरतो, आपली भाषा गरीब दिसते. लगेच जीभ चावली. खिडकी पावसाने फुगलीय, इंग्लिशमध्ये ट्राय टू ओपन म्हणजे जोर लावून बघ उघडते का, आणि ट्राय ओपनिंग म्हणजे उघड, वारा येतो का बघू. तिथे शेपूट बदलावं लागतं. आपण म्हणतो खिडकी उघडायला बघतोय, आणि खिडकी उघडून बघ. दोन्हीकडे ‘बघ’च, पण घोटाळा नाही! शिवाय धडपड, खटपट, आटापिटा हे आहेतच. धडपडणं म्हणजे पडणं पण आणि पडता-पडता पुढे जायचं बघणं पण. खटपटीत थोडं वशिल्याचं काम येतं. आटापिटा बहुतेक दुसऱ्याचाच असतो, स्वतःचा कोणी सांगत नाही. फॉर्ममध्ये यातलं काय लिहिणार? फायलींसाठी मी धडपडले हेच खरं, स्टुलावरून दोनदा.

शेवटी लॅपटॉप उघडून ते वाक्य बदललं. मेक नाही केलं. टुक ग्रेट पेन्स लिहिलं. घेतलंच मी, आणि व्याकरणाने बरोबर. भाचीने चेक करून दिलं.

सेव्ह करते तोच आईचा फोन. रविवारी येतेस का, अळूवड्या करतेय. मी म्हटलं ट्राय करते गं.

ती म्हणाली, बरं, म्हणजे येत नाहीस. मग पानं दहाच आणते.