तुम्ही विचारलंत म्हणून: मेलेली नस ऑपरेशनने जिवंत होते का?

कुष्ठरोगाने लुळ्या पडलेल्या पावलांची फिजिओथेरपी हेच माझं काम. ऑपरेशनचा विषय निघाला की घरची माणसं हटकून विचारतात, "ताई, मेलेली नस त्याने जिवंत होईल ना?"

नाही होत. पाऊल वर उचलणारी ही नस गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडावरून वळसा घेते. तिथे ती अगदी कातडीलगत असते. कुष्ठरोगात ती सुजते. पाऊल लुळं पडून सहा महिने व्हायच्या आत स्टिरॉइड सुरू झालं तर पुष्कळदा सावरतेही, म्हणून लवकर या असं मी जीव तोडून सांगते. उशीर झाला की पाऊल वर उचलत नाही, बोटं जमिनीला घासतात, आणि पाय बधिर असल्यामुळे चप्पल वाटेत कुठे गळाली तेही कळत नाही.

मग ऑपरेशन काय करतं? पोटरीत खोलवर पाऊल आत वळवणारा एक स्नायू असतो. त्याची नस वेगळी. रोग तिलाही धरतो, पण बहुधा खाली घोट्याशी. या स्नायूकडे जाणारी तिची फांदी घोट्याच्या बरीच वर फुटलेली असते, म्हणून तो शाबूत राहतो. सर्जन त्याचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, सोडवून पुढे आणतात, दोन पदर करून बोटं उचलणाऱ्या टेंडनमध्ये ओवून शिवतात. वर काही आठवडे प्लॅस्टर. कुष्ठरोग्याची जखम भरतच नाही, हा समज तमिळनाडूत वेल्लोरला सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकातच खोटा ठरवला. तरी ती भीती अजून घराघरात आहे.

माझं काम प्लॅस्टर निघाल्यावर. कापूस वेचणाऱ्या एका मावशींना मी म्हटलं, "वर उचलू नका, आत वळवा." त्यांनी डोळे मिटून जोर लावला. करंगळी थरथरली, अंगठा हलला, आणि आख्खं पाऊल दोन बोटं वर आलं.

"ताई, म्या आत वळवलं, अन् हे तं वर गेलं!"

त्या दिवशी त्यांनी ते तीस वेळा केलं. आत म्हणायचं आणि वर न्यायचं, हे अंगवळणी पडायला महिने लागतात.

तळव्याची बधिरता मात्र तशीच राहते. म्हणून मावशी आता मागे पट्टा असलेली मऊ एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबराची) चप्पल घालतात, आणि रोज संध्याकाळी पाय भिजवून, तेल लावून, आरशात तळवे बघतात. काटा नाही ना, फोड नाही ना.