अडकलेलं बटण

रात्रीचे २ वाजून ४० मिनिटं झाली होती. किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात मी वॉचवर, म्हणजे ऐकत बसायच्या पाळीवर होते आणि चॅनल १६ वर अचानक कुणाच्या तरी केबिनमधले आवाज यायला लागले. इंजिनची घरघर, मध्येच खुर्चीची करकर, एक माणूस स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होता. हे दुखणं आमच्या ओळखीचं. माइक हुकाला न लावता खुर्चीत टाकलेला असतो, कशाखाली तरी त्याचं बटण दाबलं जातं आणि सेट एकसारखा प्रसारण करत राहतो. तो माणूस मात्र बेखबर, कारण प्रसारण चालू असताना त्याच सेटवर त्याला काही ऐकूच येत नाही.

चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. हाक मारायची ती इथे, पुढचं बोलणं दुसऱ्या चॅनलवर. संकटाची हाकही इथलीच. आणि व्हीएचएफ, म्हणजे जहाजांचा हा जवळच्या पल्ल्याचा रेडिओ, चालतो एफएमवर. तिथे दोन सिग्नल एकत्र आले तर गलका होत नाही. जो जोरकस तो ऐकू येतो, कमजोर पार पुसला जातो. म्हणून अडकलेल्या बटणाची मला कायम धास्ती वाटते.

आमच्या भिंतीवर एक जुनं घड्याळ आहे. दर तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या पहिल्या तीन मिनिटांवर त्यात हिरवी पट्टी आहे. एके काळी त्या तीन मिनिटांत २१८२ किलोहर्ट्झवर, म्हणजे संकटाच्या हाकेच्या दुसऱ्या एका लहरीवर, सगळ्यांनी गप्प बसून फक्त ऐकायचं असे, कुणी क्षीण हाक मारत असेल तर कळावी म्हणून. १९९९ मध्ये नवी जागतिक संकट-संदेश यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि तो नियम मागे पडला. मला ते घड्याळ फार आवडतं.

आता या बेखबर माणसाला गाठायचं कसं? सिग्नल इतका जोरात होता, म्हणजे जहाज जवळचंच. बंदराजवळ आलेली जहाजं दुसरा सेट बहुधा बंदराच्या चॅनलवर लावून ठेवतात. मी चॅनल १२ वर बोलले, "सर्व जहाजांनी आपापले माइक तपासा." आणि माझाच आवाज चॅनल १६ वर मला परत ऐकू आला, त्याच्या केबिनमधून, इंजिनच्या घरघरीत मिसळलेला. अंगावर काटा आला. पुन्हा बोलले, "आत्ता मागे इंजिन चालू आहे, तुम्ही गुणगुणताय, तुमच्याशीच बोलतेय. खुर्चीतला माइक उचला."

गुणगुणणं थांबलं. खुर्ची सरकली, काहीतरी घासलं, खट्. २ वाजून ५१ मिनिटांनी चॅनल मोकळा झाला.

चार-पाच सेकंद काहीच नाही. मग खरखरीतून अगदी बारीक आवाज आला, "मेडे, मेडे, मेडे." जिवावरच्या संकटाची हाक. छोटी बोट, चार माणसं, इंजिनच्या खोलीत पाणी शिरलेलं, बॅटऱ्या बुडालेल्या. हातातल्या ५ वॉटच्या सेटवरून बोलत होते. त्या सेटला संकटाचं लाल बटण नव्हतं. अक्षांश नीट कळला, रेखांशाची मिनिटं खरखरीत गेली. एकेक आकडा सुटा करून म्हणायला लावला, मी परत म्हणून दाखवला. तिसऱ्या खेपेला जुळला.

मी "सीलॉन्स मेडे" पुकारलं, म्हणजे संकटाखेरीज कुणी बोलायचं नाही. कुणीही चकार शब्द काढला नाही. बचाव बोटीला कळवलं. नऊ सागरी मैलांवरच्या एका मालवाहू जहाजाने मात्र लगेच उत्तर दिलं: वळतोय, चाळीस मिनिटांत पोहोचतो. पोहोचलं, आणि चौघंही सुखरूप वर घेतले.

नंतर त्या छोट्या बोटीच्या कप्तानाशी बोलणं झालं. म्हणाला, "मॅडम, आधी सहा वेळा हाक मारली होती."

वॉच संपल्यावर मी त्या अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून दोनदा ऐकलं. घरघर होती, करकर होती, गुणगुणण्यातली चालसुद्धा ओळखू येत होती. कप्तानाचा एक शब्दही नव्हता.