दुखणं रात्रीच का वाढत होतं

घरी मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं दुखण्यावरचं औषध, चालू असलेल्या कॅन्सरच्या पेशंटचं दुखणं वाढलं, की आम्ही आधी गोळ्या मोजतो. पॅलिएटिव्ह होम केअरची, म्हणजे घरी जाऊन पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या सेवेची, नर्स म्हणून हे काम मी फार मनापासून करते. प्रत्येक गोळी रजिस्टरमध्ये चढते, तिच्यापुढे दोन सह्या होतात, रिकामी स्ट्रिप परत घेतली जाते. अमली पदार्थांवरच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यानं हे औषध पेशंटपासून फार दूर नेलं होतं. २०१४च्या दुरुस्तीनंतर वाट थोडी मोकळी झाली, तरी अजूनही ते बहुतेक करून मान्यता असलेल्या संस्थांमधूनच मिळतं. डोस चुकला का, व्यसनाच्या भीतीनं कुणी गोळी देणंच टाळलं का, हे मोजल्यावर कळतं.

निफाडकडच्या या आजींच्या गोळ्या एकेक करून जुळल्या.

स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. दर चार तासांनी १० मिलिग्रॅम मॉर्फिन, आणि मध्यरात्री उठवायला लागू नये म्हणून रात्री दहाला २०. या डोसवर आजी छान बसल्या होत्या; ओसरीवर येऊन भाजी निवडायच्या. मग रात्रीचं दुखणं सुरू झालं. पाठीतून आरपार कळ, बाई रात्रभर तळमळायच्या. डॉक्टरांनी डोस १५ आणि रात्री ३० केला. त्यानं झालं असं, की दुपारी आजींना हाक मारली तरी डोळा उघडेना, आणि रात्री मात्र दुखणं जसंच्या तसं. हे गणित मला पटत नव्हतं. कॅन्सर वाढल्यानं दुखत असेल, तर ते दुपारी जातं कुठे?

एका रात्री दोनला मुलाचा फोन आला, “सिस्टर, आई जाते बहुतेक.” आम्ही पहाटे पोचलो. आजींच्या अंगावर काटा उभा होता, घाम, नाक गळत होतं, जांभयांवर जांभया. मॉर्फिननं ज्यांना रोज रेचक द्यावं लागायचं, त्यांना जुलाब होत होते. मी टॉर्च काढला. मॉर्फिन घेणाऱ्याच्या डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी असते. आजींच्या बाहुल्या भर उजेडात मोठ्या होत्या. पोटात मॉर्फिन जातंय आणि शरीर मात्र मॉर्फिन तोडल्यासारखं वागतंय. याचा अर्थ कुणीतरी मध्ये उभं आहे.

मुलाला बाजूला घेऊन विचारलं. “दुसरं काही चालू आहे का” हे मी दर भेटीत विचारायचे आणि उत्तर दर वेळी “काही नाही” असायचं. या वेळी मी प्रश्न बदलला : “दादा, रात्री दहाला मॉर्फिनबरोबर आईंना अजून काय देता?” ते फ्रिजपाशी गेले.

तपकिरी बाटली, वर तारीख घातलेली चिठ्ठी, शेजारी बिनसुईची सिरिंज. नॅल्ट्रेक्सोन. ५० मिलिग्रॅमची गोळी ५० मिलिलीटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून रोज रात्री आधी दीड, मग तीन, आता साडेचार मिलिलीटर. द्राक्षबागेत मणी फुगवायच्या जीएच्या फवारणीचं अचूक प्रमाण काढणारा माणूस, मोजमापात तसूभर फरक नव्हता. आजींना सांगितलं होतं, पित्ताचं औषध आहे.

नॅल्ट्रेक्सोनला अमेरिकेत १९८४ साली मान्यता मिळाली ती अफूच्या व्यसनावर. मेंदूतल्या ज्या जागी मॉर्फिन बसतं तिथे हे आधी जाऊन बसतं आणि मॉर्फिनला उठवून लावतं. कमी डोसची कल्पना वेगळी आहे. न्यू यॉर्कच्या डॉ. बर्नार्ड बिहारी यांनी ती ऐंशीच्या दशकात एड्सच्या रुग्णांत वापरायला सुरुवात केली : रात्री थोडं औषध द्यायचं, त्या जागा काही तास अडवायच्या, मग शरीर स्वतःची एंडॉर्फिन्स, म्हणजे आतली मॉर्फिनसारखी द्रव्यं, जास्त बनवेल. कॅन्सरमध्ये बोट दाखवलं जातं ते झॅगन आणि मॅक्लॉग्लिन यांच्या १९८३च्या उंदरांवरच्या प्रयोगाकडे. कमी डोसनं गाठी उशिरा आल्या. पण त्याच प्रयोगात जास्त डोसनं गाठी लवकर आल्या, हे दादांनी वाचलेल्या पानावर नव्हतंच. त्यांना सापडली होती न्यू मेक्सिकोच्या डॉ. बर्कसन यांनी २००६ साली छापलेली एका रुग्णाची हकिकत. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला, शिरेतून अल्फा-लिपोइक ॲसिड आणि रात्री थोडं नॅल्ट्रेक्सोन, आणि माणूस वर्षानुवर्षं जगला. आजार तोच, पसरला होता तोही तिथेच. मुलगा का हलणार नाही? पण एका माणसाच्या हकिकतीवरून औषध ठरत नाही, आणि कॅन्सर यानं आटोक्यात येतो असं मोठ्या चाचणीत कुणी दाखवलेलं नाही.

त्यांचं पुढचं वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. “ताई, मॉर्फिनची सवय लागते म्हणतात. हे औषध सवय सोडवायचं. म्हटलं, दोन्ही बरोबर दिली तर आईला व्यसनही लागणार नाही.” चुकीच्या माहितीवर उभा असलेला, पण सरळ आणि प्रेमाचा विचार.

डॉक्टरांना फोन लावला. बाटली बंद. मॉर्फिन वाढवायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. अडवलेल्या जागा मोकळ्या झाल्या की वाढवलेला डोस एकदम लागू होतो आणि श्वास मंदावू शकतो. दुपारची ती झोप म्हणजे तेच होतं. सलाइन, शिरेतून पॅरासिटामॉल, जुलाबावर औषध, मग मॉर्फिन पुन्हा थोडक्यापासून. मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसून श्वास मोजले. पुढे आजी जुन्या १० मिलिग्रॅमवरच शांत झाल्या. वाढवलेल्या डोसची त्यांना कधी गरजच नव्हती.

मग दादांनी विचारलं, मॉर्फिन सोडून नुसतं नॅल्ट्रेक्सोन दिलं तर? डॉक्टर स्वतः घरी आले, वरचं सगळं सांगितलं, आणि पहिल्यांदाच आजींना विचारलं. आजी मुलाकडे बघून म्हणाल्या, “बाळा, मला दुखायला नको. बाकी तू काय करशील ते कर.” पित्ताच्या औषधाबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

दादांनी हे लपवलं का, तेही कळलं. त्यांनी आधी कॅन्सरच्या ओपीडीत मोबाइल पुढे करून विचारलं होतं. “असलं वाचत बसू नका,” एवढं ऐकवून पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. ओपीडीतली गर्दी मी पाहिली आहे, तिथला डॉक्टर किती थकतो तेही. तरी मला राग येतो. औषधाचं नाव वाचून “मॉर्फिन चालू असेल तर हे चालणार नाही” एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? आणि ज्या दुकानदारानं डॉक्टरांची चिठ्ठी न बघता ती स्ट्रिप दिली त्याचं काय? दुखणं थांबवणाऱ्या गोळीसाठी आम्ही दोन सह्या करतो आणि तिला निकामी करणारी गोळी काउंटरवर मिळते.

आता मी घरोघरी नाव घेऊन विचारते : नॅल्ट्रेक्सोन, एलडीएन (कमी डोसच्या नॅल्ट्रेक्सोनचं छोटं नाव), रात्रीचे थेंब. ट्रॅमाडॉल किंवा फेंटानिलचा पॅच असेल तिथेही विचारते, कारण तीही मॉर्फिनच्याच जातीची औषधं. विचारताना आवाजात दरारा येऊ देत नाही.

आमच्या डॉक्टरांनी त्या ओपीडीला सगळी हकिकत लिहून पत्र पाठवलं आहे. अजून उत्तर नाही.