बाय अ स्वॉर्म ऑफ बीज

स्मरणिकेसाठी शाळेबद्दल काहीही लिहा असं समितीने कळवलंय. मैदान, गॅदरिंग, सहली यावर बाकीचे लिहितीलच, मी मात्र पॅसिव्ह व्हॉइसवर लिहिणारे. खरंच. कारण शाळेत शिकलेलं जे काही आजही रोज वापरात आहे, पोटापाण्याला लागलंय, ते म्हणजे आमच्या इंग्रजीच्या बाईंनी नववीत शिकवलेलं व्हॉइस, आणि त्यातही समूहवाचक नामांचा भाग. मी आता इंग्रजी बातम्यांची कॉपी तपासते आणि एक दिवस जात नाही की कळप, जमाव, टीम, कमिटी यातलं कोणीतरी वॉज (was, एकवचनी) की वर (were, अनेकवचनी) म्हणून माझ्या टेबलावर येत नाही.

व्हॉइस म्हटलं की तेव्हा एकच रीत होती, ऑब्जेक्ट उचला, पुढे आणा, वर्बचं तिसरं रूप घाला, बाय लावा, सब्जेक्ट शेवटी ढकला, मार्क घ्या. बाईंनी तेही नीट करून घेतलं, परीक्षा होतीच. पण एक दिवस त्यांनी फळ्यावर एकाखाली एक तीन वाक्यं लिहिली. द बॉय वॉज स्टंग बाय अ बी. द बॉय वॉज स्टंग बाय बीज. द बॉय वॉज स्टंग बाय अ स्वॉर्म ऑफ बीज. मग बायपासून पुढचं सगळं पुसून टाकलं आणि विचारलं, वाक्य पूर्ण आहे का? तिन्ही पूर्ण होती, आणि तिन्ही आता अगदी सारखी झाली होती. "मग बाय लिहायचंच कशाला?" वर्ग गप्प.

त्यांनीच सांगितलं मग, की इंग्रजीत लोक पॅसिव्ह लिहितात तेव्हा बहुतेक वेळा बाय लिहीतच नाहीत, ते फक्त आपल्या व्यायामाच्या वहीत प्रत्येक वाक्याला असतं. त्यामुळे जेव्हा कोणी मुद्दाम लिहितं तेव्हा तिथे काहीतरी सांगण्यासारखं असतं, आणि इंग्रजी वाक्यात नवी आणि वजनदार गोष्ट शेवटाकडे जाते म्हणून सगळा भार त्या शेवटच्या शब्दांवर पडतो. एक माशी चावली तर मुलगा हात चोळत घरी जाईल. पुष्कळ चावल्या तर रडेल. पण स्वॉर्म म्हटलं की मोहोळ उठलंय, मुलगा पळतोय, जिवावरचं आहे, आणि हे सगळं करायला क्रियापद बदलावं लागलं नाही, स्टंग तिथल्या तिथेच आहे. बाई म्हणाल्या, "समूहाचं नाम म्हणजे नुसता आकडा नाही रे, तो समूह काय करतोय तेही त्यात असतं." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं नव्हतं तरी जसंच्या तसं लक्षात आहे.

दुसरा भाग मला त्याहून आवडतो, आणि तो मराठीतून आला. सगळ्यांची अडचण हीच असायची की फ्लॉक ऑफ शीपला इज की आर. बाईंनी आधी मराठी वाक्य घेतलं. मेंढपाळाने मेंढ्या हाकल्या. मेंढपाळाने मेंढ्यांचा कळप हाकला. क्रियापद कोणामुळे बदललं? कर्मामुळे. हाकल्या होतं ते हाकला झालं, कारण आता कर्म कळप आहे, मेंढ्या नुसत्या त्याच्या पोटात आहेत. आता इंग्रजी, द शीप वर ड्रिव्हन बाय द शेफर्ड, द फ्लॉक ऑफ शीप वॉज ड्रिव्हन बाय द शेफर्ड. डिट्टो! आपला कर्मणी प्रयोग आणि इंग्रजी पॅसिव्ह एकच नव्हेत हे त्यांनी लगेच बजावलं, आपल्याकडे कर्ता ऐटीत पुढेच बसून राहतो, इंग्रजीत तो मागे जातो किंवा गायबच होतो, पण क्रियापद कोणाचं ऐकतं ही गोष्ट दोन्हीकडे जुळते, आणि जन्मापासून कर्मणी बोलणाऱ्या पोराला त्यात अवघड काय असणार? मराठी माध्यमातल्या वर्गात इंग्रजी शिकवताना मराठी ही अडचण नसून शिदोरी आहे असं वागणाऱ्या त्या पहिल्या शिक्षिका, निदान माझ्या आयुष्यात तरी.

ऑफच्या पुढचं अनेकवचन क्रियापदाला खेटून बसलेलं असतं म्हणून कान फसतो, एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं खरोखर गुंतागुंतीचं आहे. ब्रिटिश लिहिणारे द टीम वर बीटन लिहितात, अमेरिकन वॉज बीटन, दोन्ही बरोबर. पोलीस आणि कॅटल मात्र कुठेही गेले तरी अनेकवचनी, द पोलीस वर कॉल्ड, इथे वॉज चालतच नाही. अ नंबर ऑफ स्टुडंट्स वर सिलेक्टेड, पण द नंबर ऑफ स्टुडंट्स वॉज रिड्यूस्ड, एका अ आणि द वर सगळं फिरतं. आणि बाईंनी समजावलेली सगळ्यात सुंदर जोडी ही, द कमिटी वॉज डिझॉल्व्ह्ड आणि द टीम वर गिव्हन देअर मेडल्स. बरखास्त होते ती कमिटी, त्यातली माणसं बरखास्त होत नाहीत, म्हणून तिथे ब्रिटिशही वॉजच लिहितील. मेडल मात्र ज्याच्या त्याच्या गळ्यात पडतं, तिथे टीम उलगडून तिची माणसं होतात आणि वर शोभतं. क्रिया अख्ख्या समूहावर झाली की एकेकावर, हे आधी ठरवा, मग क्रियापद लिहा. मी आजही असंच ठरवते.

प्राण्यापक्ष्यांच्या समूहांच्या नावांच्या त्या याद्यांबद्दलही लिहायला हवं, प्राइड ऑफ लायन्स, गॅगल ऑफ गीज, मर्डर ऑफ क्रोज वगैरे, गाईडमध्ये पानभर असायच्या आणि आम्ही घोकायचो. त्यातले बरेचसे शब्द इंग्लंडमध्ये 1486 साली छापलेल्या बुक ऑफ सेंट अल्बन्स नावाच्या पुस्तकातल्या यादीत सापडतात, ते पुस्तक बहिरी ससाण्याची शिकार, रानातली शिकार अशा खानदानी लोकांच्या विषयांचं होतं, म्हणजे हे शब्द कोणाला यायला हवेत तर शिकारीला जाणाऱ्या सरदारांना. प्राइड टिकला, लोक खरोखर वापरतात. पण साध्या बातमीत शेत कावळ्यांनी व्यापलं असेल तर बाय अ फ्लॉक ऑफ क्रोज लिहावं, मर्डर लिहिलं तर वाचणारा शेत सोडून शब्दाकडेच बघत बसतो. माझं मत असं की मुलांना यादी थोडी कमी द्यावी आणि वाक्यं जास्त. जाता जाता एक, माशांचं स्कूल आणि आपलं स्कूल यांचा मुळात काही संबंध नाही, माशांचं डचमधून आलं, थवा या अर्थाने, आपलं ग्रीक लॅटिनमधून. वर्गात कोणीतरी विचारलंच होतं.

पण कामाला लागल्यावर मला जे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते माणसांच्या समूहांबद्दलचं. द शॉप वॉज लूटेड बाय अ मॉब. मॉबच्या जागी क्राउड घाला, ग्रुप घाला, गँग घाला. गँग म्हटलं की आधी ठरवून केलेला गुन्हा, मॉब म्हटलं की भडकलेले लोक, ग्रुप म्हटलं की नुसती चारपाच माणसं, म्हणजे तुम्ही कोर्टाच्या आधीच निम्मा निकाल देऊन टाकलात, आणि तोही वाक्याच्या शेवटी, जिथे तो सगळ्यात जोरात वाजतो. शिवाय समूहाला कर्ता केलं की माणसं पुसली जातात. बाईंचा प्रश्न असायचा, "बाय अ मॉब म्हणजे नक्की कोण?" बातमीदाराने पोलिसांकडून नावं आणलेली असतात, अटक झालेल्यांचा आकडा असतो, आणि तरी कॉपीत बाय अ मॉब एवढंच येतं, तेव्हा मी तीच चौकशी करते. उलटही होतं, द क्राउड वॉज डिस्पर्स्ड, बस, पांगवलं कोणी, कसं, ते काहीच नाही. इथे बाय पाहिजे असतं आणि नसतं, मग मी फोन करून मागवते.

परवाच आमच्या डेस्कवरच्या नवीन मुलीने विचारलं, ताई, बुडणाऱ्या बोटीवरच्या लोकांची बातमी आहे, द क्रू वॉज रेस्क्यूड की वर? मी विचारलं, सगळ्यांना एकदम काढलं का? नाही म्हणाली, हेलिकॉप्टरच्या दोन फेऱ्या झाल्या, आधी जखमी, मग बाकीचे. म्हणजे क्रू फुटलेला होता, वॉज जरा खटकतच होतं, पण आमची स्टाइल अमेरिकन, तिथे वर बसत नाही. मग द क्रू मेंबर्स वर रेस्क्यूड इन टू ट्रिप्स केलं, बाय अ हेलिकॉप्टर शेवटी ठेवलं, आणि कॉपी पुढे पाठवली.