शिशाची पातळ रेघ

जुन्या इमारतीत कोणता भार कशावर उभा आहे, हे शोधून त्याचा अहवाल लिहिणे हे माझे काम आहे. आयुष्याचा बराचसा काळ पुण्याच्या पेठांमधील वाड्यांच्या माळ्यांवर, वाळवी लागलेल्या तुळया ठोकून पाहण्यात गेला. त्याच निमित्ताने वास्तुजतनावरील एका परिसंवादासाठी मी स्पेनमधील ग्रानादाला गेलो होतो आणि शेवटच्या दिवशी आम्हाला नसरी सुलतानांच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यात नेण्यात आले. तिकिटावर छापलेली प्रवेशाची वेळ तिथे काटेकोरपणे पाळली जाते, त्यामुळे आमची तुकडी दारासमोर शाळकरी मुलांसारखी रांगेत उभी होती.

बाहेरून राजवाडा अगदी साधा, तांबूस मातीच्या भिंतींचा दिसतो. आत शिरल्यावर मात्र पहिला युसुफ (कारकीर्द १३३३ ते १३५४) याच्या दरबारी दालनात मान वर करून पाहिले, तेव्हा मी मोजमापे विसरलो. भिंती इतक्या जाड, की त्यांच्या जाडीतच खिडक्यांसाठी छोट्या खोल्या कोरलेल्या. आणि छत लाकडाच्या आठ हजारांहून अधिक तुकड्यांचे, सात आकाशांची कल्पना मांडणाऱ्या तारकांनी भरलेले. येथे भार डोळ्यांना दिसतो आणि पटतोही.

पाचव्या मुहम्मदाच्या सिंहांच्या चौकात माझी गडबड झाली. बारा संगमरवरी सिंहांच्या पाठीवर कारंज्याचे कुंड आहे आणि चौकाभोवती १२४ सडपातळ स्तंभ, कुठे एकेकटे तर कुठे जोडीने उभे आहेत. त्यांच्यावरच्या जाळीदार कमानी पाहून मी शेजारच्या सहकाऱ्याला मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, की एवढ्याशा स्तंभांवर कमानींचा असा बाजूचा रेटा टिकणे अवघड आहे, कुठेतरी लोखंडी पट्ट्या लपवलेल्या असणार. आमच्याबरोबर असलेल्या स्थानिक वास्तुविशारद बाई हे ऐकून हसल्या. त्या म्हणाल्या, “या कमानी काहीच पेलत नाहीत. त्या जिप्समच्या आहेत.” खरा भार स्तंभांच्या माथ्यावरील विटांच्या खांबांतून आणि त्यांना जोडणाऱ्या लाकडी तुळयांतून खाली येतो, कमान हा दोन खांबांमध्ये ताणलेला नक्षीचा पडदा आहे. आमच्या वाड्यांमध्येही लाकडी सांगाडाच भार घेतो आणि मधली भिंत नुसती भरणी असते, हे रोज पाहणारा मी इथे नक्षीला फसलो होतो.

मग त्यांनी मला खाली वाकून, स्तंभ आणि त्याची बैठक यांच्या सांध्याकडे बघायला लावले. तिथे एक करडी, बारीक रेघ होती: शिशाचा पातळ पत्रा. तसाच वर स्तंभशीर्षाखालीही होता. दगडावर दगड नेमका बसत नाही, एखाद्या उंचवट्यावर सारा दाब आला की संगमरवर तडकतो. मऊ शिसे दबते, दाब सगळीकडे वाटून देते आणि भूकंपाचा धक्का आला तर सांध्याला किंचित हलू देते. पुलाच्या गर्डरखाली आपण रबराच्या गाद्या घालतो त्यामागे हाच विचार असतो, आणि हे काम चौदाव्या शतकातले.

शेजारच्या ‘दोन बहिणीं’च्या दालनात मधमाशांच्या पोळ्यासारखा घुमट आहे. पाच हजारांवर मुकर्नस, म्हणजे जिप्समचे लोलक, मोजक्याच आकारांचे साचे फिरवून-जुळवून एकमेकांना लटकवले आहेत. खरे तर मला तो घुमट चौकापेक्षाही मोठा पराक्रम वाटतो, कारण त्यात महागडे असे काहीच नाही. खिडक्यांतून तिरपा उजेड आला की घुमट वितळल्यासारखा वाटतो, आणि ज्या पदार्थाच्या छतांना गेलेले तडे मी आठवड्यातून दोनदा नोंदवतो, तोच हा पदार्थ आहे यावर विश्वास बसत नाही.

पहारेकरी पुढे सरकण्याची खूण करू लागला. माझ्या वहीत त्या दिवशीच्या पानावर घुमट नाही, सिंह नाहीत. एका स्तंभाच्या बैठकीचे घाईत काढलेले चित्र आहे आणि त्यात दोन दगडांमधली ती रेघ पेन्सिलीने तीनदा गिरवलेली आहे.