मांडे: शिकवणारी आणि शिकणारी

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. धुळ्या-जळगावकडच्या घरांत माळ्यावरची खापरं, म्हणजे चुलीवर पालथी घालायची मातीची भांडी, उतरतील आणि एखादी सून नाहीतर भाची मांडे, म्हणजे हातावर वाढवलेल्या मोठ्या पातळ पुरणपोळ्या, करणाऱ्या मावशीशेजारी जाऊन बसेल.

सुरुवातीला मावशी तिला मांड्याला हात लावू देत नाही. पोरींना राग येतो, पण मावशीचं बरोबर आहे. गहू ओलसर करून फडक्यात बांधायचे, सावलीत वाळवून दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचं. कोंड्याचा कण राहिला की मांडा नेमका तिथं फाटतो. कणीक सैल भिजवून, तेलाचा हात लावत अर्धा तास तिंबायची आणि दोन तास झाकून ठेवायची. मावशी फक्त बोट खुपसून बघते. "अजून" किंवा "झालं", एवढंच बोलणं!

मग जाळ. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, भडकतात आणि लगेच बसतात. बाभळीचं लाकूड टिकून जळतं. मांडा हातावर असताना मावशीला चुलीत हात घालता येत नाही, म्हणजे तिचं अर्धं काम शिकणारीवर. जाळ कमी पडला तर मांडा वातड होतो, वाढला तर मध्ये करपून कडा कच्च्या राहतात. तापलेल्या खापरावर गार पाणी उडालं, तर खापरच तडकतं.

मांड्याला हात लावायला नंतर मिळतं. दोन पुऱ्यांमध्ये पुरण भरायचं, कडा दाबायच्या, थोडं लाटायचं. बांगड्या काढून ठेवायच्या. या हातावरून त्या हातावर फिरवत मांडा कोपरापर्यंत वाढवायचा. पुरणात न वाटलेली एक डाळ राहिली तरी भोक पडतं. पुरण कणकेपेक्षा घट्ट असेल, तर कणीक पुढे पळते आणि पुरण मध्येच गोळा होऊन बसतं.

शिकणारीचे हात थरथरतात. तिथं चांगली मावशी मांडा हिसकावून घेत नाही; कोपराखाली तळवा धरते आणि म्हणते, "खाली नको सोडू, बाजूला ने." फाटलाच तर "टाक खापरावर", आणि भोकावर कणकेची चिमूट. हिसकावणाऱ्या मावशांच्या हाताखाली पोरी वर्षानुवर्षं नुसत्या बघत बसतात, असं माझं मत. फाटका मांडाही आमरसाबरोबर संपतोच की!

भाजलेल्या मांड्याची चौघडी, म्हणजे चौपदरी घडी, घालायचं काम मात्र पहिल्या दिवसापासून शिकणारीचं. खापरावरून उतरल्या उतरल्या घालायची. गार झाला की मांडा कडक होतो आणि घडीवर मोडतो.